समुद्र शांत होता : निर्वासिताची गोष्ट ॲनिमेशनमध्ये सांगताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला १२ मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. तिच्या ओळखीचा एक अफगाण मुलगा इथे शिकायला आला, १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि त्याचं परत जाणं राहिलं ते राहिलंच. तो बोलायला तयार आहे, चेहरा दाखवायला नाही. 'फ्ली' हा एका अफगाण निर्वासिताची गोष्ट सांगणारा ॲनिमेशन-माहितीपट पाहिल्यापासून तिला हे ॲनिमेशनमध्येच करायचंय. मार्गदर्शक म्हणतात, चित्रं काढलीस की तो माहितीपट राहत नाही, त्याला कथापटच म्हण. तर हे खरं का, मुलाखत कशी घ्यायची, कॅमेऱ्यानं न पाहिलेलं काढायचं कसं आणि तो मुलगा ओळखू येणार नाही याची काळजी कशी घ्यायची, हे तिला विचारायचंय.

सगळ्यात आधी एक तातडीची गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात त्याचं नाव नव्हतं, पण त्याचा अभ्यासक्रम होता, वडिलांची नोकरी होती, भावंडं किती ते होतं, आणि तो राहतो ती गल्लीसुद्धा होती. एवढ्यावरून त्याच्या वर्गातला कुणीही त्याला ओळखेल. मी ते सगळं वर गाळलंय. तुम्ही कॉलेजला दिलेल्या प्रस्तावातूनही ते आजच काढा. चेहरा झाकला की माणूस लपला, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता तुमच्या मार्गदर्शकांचा आक्षेप. तो जुना आहे, त्याला उत्तरही जुनं आहे. ७ मे १९१५ ला 'ल्युसिटानिया' हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीनं आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडवलं. जवळजवळ १,२०० माणसं गेली. तिथलं काही कॅमेऱ्यानं टिपलं नाही. अमेरिकी व्यंगचित्रकार विन्सर मॅके यानं ते बुडणं चित्रांत उभं केलं, सुमारे २५,००० रेखाटनं काढून. १९१८ साली तो चित्रपट आला, लांबीला साधारण तुमच्याएवढाच. चित्रांनी काढलेला माहितीपट म्हणून आजही त्याचा दाखला पहिल्यांदा दिला जातो. तो मार्गदर्शकांना जरूर दाखवा. पण दाखवताना हेही सांगा की तो युद्धाच्या दिवसांत, लोकांचा संताप चेतवण्यासाठी काढलेला होता. म्हणजे त्यांची शंका अगदीच निराधार नाही. कॅमेरा खोटं बोलू शकतो तितकंच, किंबहुना जास्तच, पेन्सिल बोलू शकते. माहितीपट ठरतो तो प्रेक्षकाला दिलेल्या हमीवर : हा अनुभव एका जिवंत माणसाचा आहे, हे शब्द त्याचेच आहेत, आणि जे बदललंय ते बदललंय असं आम्ही सुरुवातीलाच सांगतोय. ही हमी पाळलीत तर कथापट म्हणायचं काही कारण नाही.

'फ्ली'कडे वळते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची मुळं तिथे आहेत. २०२१ चा हा डॅनिश चित्रपट योनास पोहेर रासमुसन यांचा. ९४ व्या ऑस्करमध्ये माहितीपट, ॲनिमेशनपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट या तिन्ही विभागांत एकाच वेळी नामांकन मिळालेला तो पहिलाच. ऑस्कर एकही मिळालं नाही, पण आपल्याला त्याचं काय! महत्त्वाचं हे की ज्याची ही गोष्ट तो अमीन (हे घेतलेलं नाव) आणि दिग्दर्शक शाळेच्या वयापासूनचे मित्र. इतकी वर्षं मैत्री, आणि ही गोष्ट मात्र कधी बोलली गेली नव्हती. अमीन किशोरवयात एकटा डेन्मार्कला पोचला तेव्हा त्याच्या तोंडी एक ठरलेली हकिगत होती : घरचे सगळे मारले गेले. ती त्याला सांगायला लावली होती. खरं तर आई, बहिणी, भाऊ होते. पण एकदा कागदावर चढलेली हकिगत बदलली तर राहायचा हक्क जाईल, या भीतीनं तो मोठा झाला, शिकला, लग्नाचा विचार करायच्या टप्प्यावर आला, तरी ती भीती सुटली नव्हती.

मला तुम्हाला जे एकच सांगायचंय ते इथे आहे. निर्वासित माणसाची गोष्ट तुम्ही पहिल्यांदा ऐकत नसता. तुमच्याआधी ती अधिकाऱ्यांनी ऐकलेली असते, खिडकीपलीकडच्या कारकुनानं ऐकलेली असते, घरमालकानं, कॉलेजच्या ऑफिसनं. दर वेळी ती थोडी कापली जाते, तारखा क्रमानं लागतात, नको ते गळतं. तुमच्यासमोर येते ती इस्त्री केलेली गोष्ट. ती खोटी नसते. तिनंच त्याला आजवर तारलेलं असतं, म्हणून तिचा मान ठेवायचा. पण तुमचा चित्रपट तिच्यात नाही.

आपल्याकडे तर ही इस्त्री आणखी कडक असते. १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा त्याला जोडलेला पूरक करार, दोन्हींवर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. इथे शिकणारा अफगाण मुलगा सरकारी कागदावर विद्यार्थी असतो, परदेशी नागरिक असतो. त्याचं राहणं व्हिसावर, नोंदणीवर, कॉलेजच्या प्रवेशावर टांगलेलं. तो तुमच्याशी गच्चीवर मोकळेपणी बोलला असेल, पण रेकॉर्डर सुरू झाला की त्याच्या डोक्यात ती खिडकी उभी राहणार. याला इलाज वेळ हाच. दोन बैठकांत मुलाखत उरकायची असेल तर विषय बदला.

हे मी कुठे शिकले ते सांगते. २० वर्षांपूर्वी मी पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी आजींवर छोटा ॲनिमेशनपट केला. फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांना सरकारनं जिथे जिथे वसवलं त्यातलं पिंपरी हे एक. आजी दहा वर्षांच्या असताना कराचीहून बोटीनं मुंबईला आल्या होत्या. पहिल्या बैठकीत त्यांनी पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं : घर मोठं होतं, गडबड सुरू झाली, बोटीनं आलो, बराकीत राहिलो, वडिलांनी कापडाचा धंदा केला, देवाच्या कृपेनं सगळं छान झालं. नातवंडांना, पत्रकारांना, बहुतेक असंच सांगितलेलं असणार. मी खूश होऊन घरी आले आणि बोटीचा प्रसंग काढायला घेतला. काळा समुद्र, उसळत्या लाटा, डोलणारी बोट, कठड्याला धरून रडणारी माणसं. दीड महिना राबले. त्यांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "छान काढलंस गं. पण समुद्र शांत होता. मला नुसतं गरम होत होतं."

गरम का होत होतं? कारण आईनं त्यांना एकावर एक तीन फ्रॉक घातले होते. सामान किती न्यायला मिळेल कुणाला माहीत नव्हतं, मग कपडे अंगावरच घ्यायचे. वरचा फ्रॉक सगळ्यात चांगला, लग्नासाठी शिवलेला, म्हणून त्यावर काही सांडायचं नाही. बोटीवर तहान लागली तरी त्या पाणी जपून पीत होत्या, सांडेल म्हणून. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

माझ्या दीड महिन्याच्या लाटा मी फेकून दिल्या. निर्वासित म्हटलं की लाटा, काटेरी कुंपण, लांबवर चालणारी रांग, ही चित्रं आपल्या डोक्यात आधीपासूनच असतात. माणूस बोलत असतो आणि आपण त्याच्या आवाजावर आपली तयार चित्रं चिकटवत जातो. तुमच्या पाठवलेल्या रेखाटनांत काबूल म्हणजे पिवळट वाळवंट आणि मातीची घरं आहेत. काबूल समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, भोवती डोंगर, हिवाळ्यात बर्फ. तुमच्या मित्राच्या लहानपणात कदाचित संदली असेल : बुटक्या टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी, वरून मोठी रजई, आणि सगळं घर त्यात पाय घालून बसलेलं. जमिनीवर तोशक, म्हणजे बसायच्या गाद्या, अंथरलेले असतील. किंवा यातलं काहीच नसेल, तो एखाद्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढला असेल. विचारल्याशिवाय एक रेघही काढू नका.

विचारायचं कसं? माझी पद्धत घरापासून सुरू होते. त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि काबूलमधल्या घराचा नकाशा काढायला सांगा. चित्रकला येत नसली तर उत्तमच. मग नकाशावर बोट ठेवून विचारत जा : दारातून आत आलं की उजव्या हाताला काय? चपला कुठे? सकाळी आधी कोण उठायचं, आवाज कशाचा यायचा? 'तुला काय वाटलं' हा प्रश्न पहिल्या चार बैठकांत विचारूच नका. वाटणं आपोआप येतं, भिंतींच्या मागून येतं. 'फ्ली'तही अमीनला आधी विचारलं जातं की घर म्हणजे तुझ्यासाठी काय. तो म्हणतो त्याचा आशय असा की सुरक्षित जागा, जिथून पुढे निघावं लागत नाही.

त्या चित्रपटातली मुलाखतीची पद्धत तुम्हाला भावली असं लिहिलंय. रासमुसन रेडिओमाहितीपटातून आलेले. ते माणसाला आडवं पडायला, डोळे मिटायला सांगतात आणि प्रसंग वर्तमानकाळात बोलायला लावतात : मी उभा आहे, समोर दार आहे. पद्धत विलक्षण आहे, आठवण अंगावर येते. नेमकी म्हणूनच मी ती तुम्हाला सध्या वापरू नका म्हणेन. त्यांच्यामागे वीसेक वर्षांची मैत्री होती. डोळे मिटलेला माणूस एकदम तिथे पोचला, रडू आवरेना, श्वास लागला, तर तुम्ही काय करणार? समुपदेशकाचा नंबर हाताशी हवा, बैठक दिवसा हवी, त्यानंतर त्याला एकट्यानं खोलीवर जावं लागू नये. आणि त्या दिवशी परीक्षा किंवा व्हिसाचं काम नसावं. एवढी तयारी होईपर्यंत डोळे उघडे, कागद पुढ्यात.

सरावासाठी एक सुचवते. तुमच्या आजी पुण्याच्याच आहेत ना? त्यांना १२ जुलै १९६१ विचारा, पानशेत फुटलं तो दिवस. सगळं पुणं ती गोष्ट ठरलेल्या वाक्यांत सांगतं : सकाळी बातमी आली, पूल पाण्याखाली गेले, नंतर गाळ. त्यांनाही घराचा नकाशा काढायला सांगा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते विचारा. अर्ध्या तासानंतर गोष्टीचा सूर बदलतो, तो कान देऊन ऐका. तो क्षण एकदा ओळखता आला की मित्राच्या वेळी तुमची घाई होणार नाही.

भाषा. तो तुमच्याशी हिंदीत बोलतो, पण रेकॉर्डिंग 'दरी' या त्याच्या भाषेतच करा, तुम्हाला एक अक्षर कळत नसलं तरी. परक्या भाषेत माणूस तेवढंच सांगतो जेवढं त्या भाषेत येतं. दुभाषा त्यानं निवडलेला हवा, तुम्ही शोधलेला नको. त्याच्या वस्तीतला, ओळखीतला माणूस त्याला कदाचित अजिबात नको असेल. आणि दरी वाटते तितकी परकी नाही. घराला ते 'खाना' म्हणतात, आपला दवाखाना, कारखाना, तोफखाना तिथूनच आला. उपशीर्षकं लिहिताना हा शेजार उपयोगी पडेल. अजून एक : 'निर्वासित' आणि 'शरणार्थी' आपण एकाच अर्थानं वापरतो, पण पहिला शब्द त्याचं काय हिरावलं ते सांगतो आणि दुसरा तो काय मागतोय ते. शीर्षकात कुठला घ्यायचा हे त्याला दोन्ही अर्थ समजावून विचारा. मी तरी 'निर्वासित' घेईन.

आवाजाबद्दल फार कंजूषपणा करू नका, तुमच्या चित्रपटात पुरावा म्हणून तेवढाच आहे. चांगला रेकॉर्डर भाड्यानं घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पंखा बंद, फ्रिज बंद, दुपारची वेळ, कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर. प्रत्येक बैठकीच्या शेवटी त्या खोलीची नुसती शांतता एक मिनिटभर रेकॉर्ड करा, संकलनात जीव वाचवते. आणि त्याच्या गप्प बसण्याला कात्री लावू नका.

आता चित्रं. १२ मिनिटं म्हणजे ७२० सेकंद. सेकंदाला १२ रेखाटनं धरली तर ८,६४०. दिवसाला ३० पूर्ण केलीत तर २८८ दिवस, तेही सुट्टी न घेता. तुमच्याकडे सात महिने आहेत. त्यामुळे आधीच ठरवा की कुठे हालचाल लागत नाही. ही नुसती काटकसर नाही. 'फ्ली'मध्ये रोजचे प्रसंग रंगीत, नीट रेखलेले आहेत, पण जिथे अमीनला आठवत नाही किंवा बोलणं जड जातं तिथे चित्र कोळशासारख्या रेघांवर येतं, चेहरे पुसट होतात, माणसं सावल्या होतात. चित्र तिथे कबूल करतं की यापुढे मला माहीत नाही. तुमच्या मित्राचा आवाज अडखळेल तिथे तुमची रेघही अडखळू दे. काही ठिकाणी पडदा कोरा राहिला तरी चालेल. माझ्या आजींच्या चित्रपटात बोटीचा प्रसंग शेवटी अवघा ४० सेकंदांचा झाला : एका फ्रॉकची कड, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, आणि दोन्ही हातांत धरलेला पाण्याचा पेला. समुद्र दिसतच नाही.

खरी बातमीची दृश्यं मध्ये घालावीत का, असं तुम्ही विचारलंय. 'फ्ली'त काबूलची, नव्वदीतल्या मॉस्कोची खरी दृश्यं मध्येच येतात, आणि आपण चित्रांत रमलो असताना दचकतो की हे खरंच घडलं होतं. परिणाम जबरदस्त, पण तो दोनतीनदाच होतो. ऑगस्ट २०२१ ची काबूल विमानतळावरची दृश्यं सगळ्या जगानं पाहिलीत. ती घातलीत की प्रेक्षक तुमच्या मित्राला सोडून बातम्या आठवायला लागेल. तो तेव्हा तिथे नव्हताच ना, तो पुण्यात फोनकडे बघत होता. मग तो फोन काढा. हक्कांचा खर्च वेगळाच.

लपवण्याबद्दल. चेहरा बदलणं सगळ्यात सोपं, म्हणून सगळे तिथेच थांबतात. माणूस ओळखू येतो तो हसण्याच्या लकबीवरून, भावंडांच्या संख्येवरून, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवरून. त्याच्याबरोबर बसून यादी करा : कुठल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर काबूलमधला एखादा माणूस घरच्यांपर्यंत पोचेल? त्या बदला, गोष्टीचा कणा न मोडता, आणि बदल केलेत हे चित्रपटाच्या सुरुवातीला लिहा. काय बदललं ते मात्र लिहू नका. आवाज यंत्रानं जाड-बारीक करणं टाळा. तो पुन्हा मूळपदावर आणता येऊ शकतो, शिवाय ऐकताना गुन्हेगाराची साक्ष वाटते. खुद्द त्याचा आवाज धोक्याचा असेल तर दुसऱ्या दरी बोलणाऱ्या माणसाकडून तेच शब्द, तेच थांबे धरून म्हणवून घ्या आणि तसं सांगा. फायलींच्या नावात त्याचं नाव नको. मूळ रेकॉर्डिंग कॉलेजच्या संगणकावर नको. श्रेयनामावलीत आभार मानायच्या उत्साहात त्याच्या मित्रमंडळींची नावं घालू नका.

परवानगी एकदा सही घेऊन संपत नाही. मी ती तीनदा घेते : रेकॉर्डिंगआधी, कच्चा आराखडा तयार झाल्यावर, आणि दाखवण्याआधी. त्यातही महोत्सवात बंद दाराआड दाखवणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं वेगळं, दोन्हींना निरनिराळं विचारायचं. डिप्लोमाचा चित्रपट बऱ्याचदा संस्थेच्या मालकीचा असतो, हे नियम आत्ताच वाचा. माझ्या एका विद्यार्थ्याचा असाच एक चित्रपट संस्थेनं न विचारता प्रवेशाच्या जाहिरातीसाठी नेटवर टाकला होता. उतरवून घेईपर्यंत तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत ज्या बाईंची ती गोष्ट होती त्यांना झोप नव्हती. त्याच्या लेखी होकाराशिवाय चित्रपट ऑनलाइन जाणार नाही, असं संस्थेकडून काम सुरू करण्याआधी लिहून घ्या. नकार मिळाला तर मला कळवा, आपण प्रस्तावाची भाषा एकत्र बसून ठरवू.

आणि तो कच्चा आराखडा, म्हणजे आवाजावर नुसती स्थिर रेखाटनं लावलेली ॲनिमॅटिक, त्याला दाखवाल तेव्हा वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दाखवू नका. त्याच्या खोलीवर जा, दुभाष्याला बाहेर बसू दे. लॅपटॉप त्याच्या मांडीवर द्या, थांबवायचं बटण दाखवा आणि त्याच्या समोर न बसता शेजारी बसा. तो कुठे थांबवतो, कुठे मागे नेतो, ती वेळ वहीत लिहून घ्या. बघून झाल्यावर तुम्ही आधी बोलू नका.